प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: एका रेल्वेमार्गावरची तीन शहरं

मध्य युरोपात पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी नेहमी एकच वाट सुचवते. प्रागला उतरायचं, आगगाडीने व्हिएन्ना, तिथून पुन्हा आगगाडीने बुडापेस्ट, आणि परतीचं विमान बुडापेस्टहूनच पकडायचं. १९१८ पर्यंत ही तिन्ही शहरं हॅब्सबर्ग घराण्याच्या एकाच साम्राज्यात होती. त्यामुळे रेल्वे, कॅफे, ऑपेरा, स्टेशनांच्या भव्य इमारती यांत सख्खं नातं दिसतं. भाषा आणि चलन मात्र तिन्हीकडे वेगळं. मुंबईहून आखाती देशांतल्या एका थांब्याने प्राग आणि बुडापेस्ट दोन्ही गाठता येतात, म्हणून तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय निवडा. जाण्यायेण्याचं तिकीट प्रागचंच काढलं, तर शेवटचा अख्खा दिवस उलट प्रवासात जातो.

नऊ रात्री हा या वाटेसाठी माझ्या मते योग्य हिशेब: प्रत्येक शहरी तीन. त्यात साल्झबर्ग किंवा ब्रातिस्लावा कोंबू नका. नकाशावर जवळ दिसलं तरी शहर बदलणं म्हणजे सकाळी हॉटेल सोडायचं, दुपारी तीनपर्यंत दुसऱ्या हॉटेलात खोली नाही, आणि मधल्या वेळेत बॅगा सांभाळत बसायचं.

तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. म्हणजे तीन-तीन-तीन असेल तर चेकियाकडे, कारण प्राग तिथलं. इथे पुष्कळांचा घोळ होतो तो असा: ऑस्ट्रियाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून अर्ज तिथे करतात आणि हॉटेलची बुकिंगं मात्र प्रागची जास्त लावतात. कागदच एकमेकांशी भांडत असतील तर नकार यायला वेगळं कारण लागत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरलेला हवा.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रागमध्ये कोरुना, व्हिएन्नात युरो, बुडापेस्टमध्ये फोरिंट. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड कोरुना किंवा फोरिंटसाठी वापरलं की बहुतेक बँका चलनबदलाचा वेगळा आकार लावतात. कार्ड घेण्याआधी तो विचारून घ्या. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत आकारू का’ असं विचारेल, तेव्हा नेहमी स्थानिक चलनच निवडा. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. प्रागच्या चलन-बदल दुकानात फसल्यासारखं वाटलं तर पावती टाकू नका. १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून घेण्याचा हक्क तिथल्या कायद्याने ग्राहकाला दिला आहे.

प्रागचा चार्ल्स पूल (बांधकामाची सुरुवात १३५७, वरती तीस पुतळे) सकाळी सातच्या आत पाहावा. दहानंतर तिथे पुलाचे दगड दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात. किल्ल्यावर पायऱ्या चढून जाण्यापेक्षा २२ नंबरची ट्राम बरी. मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनपासून ‘प्राझ्स्की ह्राद’ (म्हणजे प्रागचा किल्ला) हा थांबा दुसराच. घरच्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर त्याच ट्रामने पुढे पोहोर्झेलेत्सपर्यंत जा आणि उताराने चालत या. चढ लागत नाही.  सेंट व्हिटस कॅथेड्रलचा पाया १३४४ साली घातला आणि काम पूर्ण झालं १९२९ मध्ये. पूर्वेकडचा गाभारा आणि पश्चिमेकडची दर्शनी बाजू यांत जवळजवळ सहाशे वर्षांचं अंतर आहे, ते कळलं की दगडाचा रंगही वेगळा दिसू लागतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे पर्यटकांनी दुपारी जावं.

कागदी तिकीट ट्राममधल्या किंवा मेट्रोच्या प्रवेशाजवळच्या पिवळ्या यंत्रात एकदा दाबून घ्यावं लागतं. न दाबलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, मग ते खिशात असलं तरी. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेत नाहीत. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून काढलेलं तिकीट मात्र लगेच सुरू होतं, ते दाबायचं नसतं. आणखी एक: जुन्या शहरातले रस्ते दगडी आहेत. छोट्या चाकांची ट्रॉली बॅग तिथे दहा मिनिटांत रडकुंडीला येते. हॉटेल ट्रामच्या थांब्याला लागून घ्या.

आता आगगाडी. प्राग ते व्हिएन्ना रेलजेट या जलद गाडीने साधारण चार तास, ब्रनो शहरामार्गे. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. स्वस्त तिकिटं काही महिने आधी निघतात आणि ती त्या एकाच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीट गेलं. आपल्याकडे आरक्षित तिकीट म्हणजे बर्थ नंबर. इथे प्रवासाचं तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. आरक्षणाचे थोडे युरो वाचवायला जाऊन शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी चार तास दाराशी उभं राहावं लागतं, म्हणून ते घ्याच. घेतलं नसेल तर आसनावरची छोटी पाटी वाचा. त्यावर ‘प्राहा–ब्रनो’ (प्राहा म्हणजे प्राग) असं असेल तर ब्रनोनंतर ती जागा मोकळी.

प्रागच्या मुख्य स्टेशनवर फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो. आधीपासून अंदाजाने फलाटावर जाऊन थांबू नका, मोठ्या दालनातल्या पाटीखाली थांबा. व्हिएन्नात फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात. आपला डबा कुठल्या भागात येईल ते तिथल्या पाटीवर दिसतं, तिथेच उभं राहायचं. मोठी बॅग डब्याच्या टोकाच्या रॅकमध्ये लागते आणि ते रॅक उन्हाळ्यात लवकर भरतात. मध्यम बॅग दोन पाठमोऱ्या आसनांच्या मधल्या फटीत बसते. सीमेवर तपासणी सहसा नसते, पण पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट मागू शकतात; तो अंगावर ठेवा. बुडापेस्टमध्ये गाडी आधी केलेनफोल्डला थांबते. नावाच्या पाटीवर ‘बुडापेस्ट’ दिसलं म्हणून पुष्कळजण तिथेच उतरतात. शेवटचं केलेटी हे आपलं स्टेशन, १८८४ सालचं. उतरलातच तर घाबरू नका, एम-४ मेट्रो दोन्ही स्टेशनांना जोडते.

व्हिएन्ना हे शहर चालून संपत नाही, म्हणून निवड करा. हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनपासून यू-१ मेट्रोने शहराच्या मध्यातला श्टेफान्सप्लाट्झ चौक तिसरं स्टेशन. शोनब्रुन राजवाड्याला १,४४१ खोल्या आहेत, त्यांतल्या मोजक्याच पाहता येतात आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. पहिली वेळ आधीच ऑनलाइन घ्या. बागेला तिकीट नाही. एकच संग्रहालय पाहायचं असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस. ब्रॉयगेल या चित्रकाराची ‘बाबेलचा मनोरा’ (१५६३) आणि ‘बर्फातले शिकारी’ (१५६५) ही चित्रं एकाच दालनात समोरासमोर पाहायला मिळणं ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. सरकारी ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं प्रयोगाच्या दिवशी अगदी कमी दरात मिळतात. कठड्याला रुमाल बांधून जागा धरायची पद्धत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद.

रविवारी व्हिएन्नातली किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी, आणि तिथे रांगा. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, फळं, पाव घेऊन ठेवा. पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून.

शाकाहारींनी सूप मागताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारायलाच हवं. प्रागच्या लसणाच्या सूपमध्येही ते असू शकतं. बिनमांसाचं हवं तर प्रागमध्ये तळलेलं चीज, व्हिएन्नात केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या पिठाच्या छोट्या शेवया), आणि बुडापेस्टमध्ये फोझेलेक. हे फोझेलेक म्हणजे मटार, पालक किंवा दुधीसारख्या भाजीचं पीठ लावून दाट केलेलं कालवण, आपल्या पातळभाजीच्या अगदी जवळचं. वर मांस घालायचं की नाही ते आपण सांगायचं. हंगेरीत बाटलीबंद पाण्याचं गुलाबी झाकण म्हणजे साधं पाणी, निळं म्हणजे फसफसणारं.

बुडा, पेस्ट आणि ओबुडा १८७३ मध्ये एकत्र झाले. एम-१ ही युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे, १८९६ ची. मॅग्यार (म्हणजे हंगेरियन) लोक ८९६ मध्ये या प्रदेशात स्थिरावल्याच्या हजाराव्या वर्षाच्या उत्सवासाठी बांधलेली. संसद आणि सेंट स्टीफन बॅसिलिका दोन्हींची उंची ९६ मीटर आहे, तीही त्या ८९६ सालाची आठवण. संसद आतून पाहायची तर आठवडाभर आधी तिकीट काढा. संध्याकाळी २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते. नदीकाठचे साठ जोडी लोखंडी बूट पाहायला उतरा. १९४४-४५ मध्ये ज्यूंना इथे काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या होत्या. तिथे बुटांत पाय घालून फोटो काढू नका.

सेचेनी स्नानगृह (१९१३) एम-१ च्या त्याच नावाच्या स्टेशनवर. तिकीट काढताना लॉकर की केबिन हे ठरवा. केबिनमध्ये कपडे बदलायला आडोसा मिळतो, थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मनगटाला पट्टी मिळते, तिनेच कुलूप उघडतं. टॉवेल, रबरी चप्पल आणि पोहण्याचा पोशाख घरून न्या, तिथे महाग पडतो. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची, गरम पाण्याच्या कुंडांत नाही. आधी शॉवर, मग सर्वांत कोमट कुंड, मग ३८ अंशांचं. गरम कुंडात वीस मिनिटांच्या वर बसू नका. बाहेर येताना भोवळ येते ती यामुळेच. चौदा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, म्हणून कुटुंबासह असाल तर हा दिवस आधीच वाटून घ्या. सकाळी उघडताच जा, दुपारनंतर कुंडात उभं राहायलाही जागा नसते.

विमानतळावर जायला देआक चौकातून १००-ई बस आहे. तिला वेगळं तिकीट लागतं; २४ किंवा ७२ तासांचा शहराचा पास चालत नाही.