समुद्रच पाहायचा होता, तर पूर्वेला का गेलो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या राजुऱ्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, कुठेही भेट झाली की हा प्रश्न येतोच: "समुद्रच पाहाचा होता त गणपतीपुळ्याले जाचं होतं. सायकल घेऊन तिकडं आंध्रात काहून गेला, भाऊ?"

आमचं पाणी तिकडे जातं म्हणून गेलो.

आमचं वावर राजुरा तालुक्यात, वर्धेच्या काठाला. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून नाला आहे. पाऊस जोराचा झाला की वावरातली माती घेऊन तो गढूळ होतो आणि पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर नदीला मिळतो. वर्धा निघते मध्य प्रदेशात, मुलताईच्या पठारावर. तापीही तिथलीच, पण ती पश्चिमेची वाट धरते. वर्धा आमच्यापाशी येते तेव्हा पैनगंगा तिच्यात आलेली असते. पुढे चपराळ्याजवळ वैनगंगा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. ती सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. गोदावरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाशिक, पैठण, नांदेड येतं. पण गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा जवळपास 34 टक्के भाग एकट्या प्राणहितेचा आहे. समुद्राला मिळणारी गोदावरी जेवढी नाशिकची, तेवढीच आपलीही. शाळेत हे नकाशावर शिकलो होतो. ते पाणी कुठे जाऊन संपतं हे मला स्वतः काठाकाठाने जाऊन पाहायचं होतं.

आणखी एक कारण. बल्लारशा स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, नावाच्या खाली, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणी आजोबांसोबत गाडीची वाट पाहताना मी तो आकडा वाचत बसायचो. आपला चंद्रपूरचा भाग 200 मीटरपेक्षाही खाली आहे. कोकणात जायचं तर आधी पठार चढायचं, मग सह्याद्री उतरायचा. पूर्वेला मात्र नदीने वाट करूनच ठेवली आहे, आणि सरळ अंतर मोजलं तर बंगालचा उपसागरच आपल्याला जवळ पडतो.

कापसाचा पहिला वेचा घरात आला आणि थंडीत निघालो. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, एक चादर. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगेचा पूल, मग आलापल्ली. इथपर्यंतचा रस्ता ओळखीचाच. आलापल्लीपासून सागवान सुरू होतो, आणि सिरोंच्याकडे जाताना जंगल इतकं दाट होतं की भर दुपारीही सावली सुटत नाही. रस्ता तेव्हा फार खराब होता, दिवसभरात वेग असा आलाच नाही. पण त्या जंगलातून सायकलनेच जावं. गाडीतून गेलं तर मोहाच्या झाडाखाली बसलेल्या बाया दिसत नाहीत, की नाल्याच्या पुलावर थांबून पाण्याचा आवाज ऐकता येत नाही.

सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडला की कालेश्वरम. देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत. संगमावर मी बराच वेळ बसलो. तिथल्या एका पुजाऱ्याने हात करून दाखवलं: हिकडून गोदावरी, तिकडून प्राणहिता. तेलंगणाचा मोठा सिंचन प्रकल्प तिथून खाली मेडीगड्ड्याला उभा राहिला तोही या प्राणहितेच्या पाण्याच्या भरवशावर. 2019 मध्ये तो सुरू झाला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच्या बराजचे, म्हणजे दारं असलेल्या बंधाऱ्याचे, खांब खचले. आपल्या नाल्यातलं पाणी एवढ्या मोठ्या हिशोबात धरलेलं असतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

भाषेची अडचण पडली का, असंही विचारतात. फारशी नाही. राजुरा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आमच्या आजीला मराठीइतकीच तेलुगू यायची, आणि तिच्या तोंडची तोडकीमोडकी वाक्यं मला पुरली. जेवण, पाणी, झोपायला देवळाची ओसरी, एवढं मागता आलं की वाट निघते. भद्राचलमला रामाचं दर्शन घेतलं. तिथून खाली गोदावरी पापीकोंडलुच्या डोंगरातून अरुंद होऊन जाते आणि काठाने सरळ रस्ता नाही. म्हणून चिंतूरहून मारेडुमिल्लीचा घाट धरला. चढताना दम लागला, आणि उतरताना ब्रेक तापून वास यायला लागला म्हणून दोनदा थांबलो. राजमहेंद्रीला नदी पुन्हा भेटली तेव्हा ती माझ्या ओळखीची राहिली नव्हती. पलीकडचा काठ धूसर दिसत होता.

धवळेश्वरम इथे मी मुद्दाम मुक्काम केला. आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1852 मध्ये तिथे नदीवर बंधारा पुरा केला, आणि त्याच्या कालव्यांनी तो सगळा मुलूख भाताचा झाला. आज तिथे नवा बराज आहे, पण लोक त्या माणसाचं नाव अजून मानाने घेतात, गावोगाव त्याचे पुतळे आहेत. बंधाऱ्यानंतर नदीला फाटे फुटतात. एक गौतमी, एक वसिष्ठा. मधला भाग कोनसीमा. नारळ, केळी, कालवे, भात. चढ नावाला नाही. एका बांधावर बसून मी तिथली माती हातात घेतली. नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ तो, आणि त्यात आपल्या काळ्या मातीचा वाटा आहे. धरणं झाल्यापासून गाळ अडतो आणि समुद्रापर्यंत पूर्वीइतका पोचत नाही. त्याचा काठावर काय परिणाम होतो तो किनाऱ्याकडची माणसं अंतर्वेदीत आपणहून सांगतात, दर्या कुठपर्यंत होता आणि आता कुठे आला ते बोटाने दाखवतात.

वसिष्ठा जिथे समुद्राला मिळते ते हे अंतर्वेदी. नरसिंहाचं मोठं देऊळ आहे. देवळापासून पुढे वाळू लागली आणि सायकल ढकलत नेली. एका बाजूला नदी संथ, दुसऱ्या बाजूला लाटा. मी आधी नदीत हात घालून पाणी चाखलं, मग दहा पावलं पुढे जाऊन समुद्राचं. नदीचंही खारट लागलं, भरतीची वेळ असावी. मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं आमच्या नाल्याचं पाणी इथे येत होतं आणि घरातलं कोणी ते पाहायला आलं नव्हतं. आजी असती तर तिला हे सांगायला मी फोनवर ओरडलो असतो. मग सायकल गोड्या पाण्याने नीट धुतली, चेनला तेल दिलं, कारण वाळू आणि मीठ तिला खातं.

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी, परतताना. नदीकाठच्या एका लंकेत, म्हणजे पात्रातल्या बेटावरच्या गावात, नारळाच्या बागेचे मालक असलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. कुठून आलास विचारलं. चंद्रपूर म्हटल्यावर ते उठले आणि मला घरात घेऊन गेले. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ होती. जुलै 2022. तेव्हा आपल्याकडे वर्धा आणि वैनगंगा दोन्हींना पूर आले होते, आमच्या गावात तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आठवडाभर पाण्याखाली होती. तेच पाणी भद्राचलमला 71 फुटांवर चढलं आणि मग या लंकांवरून गेलं. पावसाळ्यात ते रोज टीव्हीवर महाराष्ट्रातल्या पावसाच्या बातम्या बघतात. गडचिरोली, चंद्रपूर ही नावं त्यांना पाठ होती. मला मात्र त्यांच्या गावाचं नाव आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं.

त्यांनी राग धरला नाही. जेवू घातलं, नारळ दिले, आणि नंबर घेतला. आता वर्धेचं पाणी पुलाला टेकायला लागलं की मी त्यांना फोन करतो. सरकारी इशारा येतोच, पण माझं ऐकून ते गुरं आधी हलवतात आणि पाण्याची मोटार वर काढतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनीच उलटा फोन केला होता: या वर्षी तुमच्याकडे पाऊस कमी का, इकडे कालवे सुकलेत.