न मिळालेला दाखला

नववीत मी आपल्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, होतो. मोठ्या शहरातल्या एका क्लबाने बोलावलं आणि मी दाखला मागायला थेट हेडसरांच्या खोलीत शिरलो. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी दहावी हो, मग काय फेकायचं ते फेक." पुढे वर्षभर मी त्यांना नमस्कार केला नाही.

नोकरीने मला जपानात, शिझुओकाला आणलं. इथल्या कुसानागी मैदानाबाहेर अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथचा पुतळा आहे आणि जपानी पिचर एइजी सावामुराचाही. २० नोव्हेंबर १९३४ ला याच मैदानावर सतरा वर्षांच्या सावामुराने गेहरिंगर, रूथ, फॉक्स, गेहरिग या अमेरिकन दिग्गजांना ओळीने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका मारू न देता बाद केलं. गेहरिगच्या एका होमरनमुळे (आपल्या षटकारासारखा फटका) सामना मात्र १-० ने गेला. पोराने क्योटोतली शाळा अर्धवट सोडून चेंडू हातात घेतला होता! हे कळलं तेव्हा मला हेडसरांची खोली आठवली.

१९३६ मध्ये जपानची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. सावामुरा जायंट्स संघाकडून खेळला. १९३७ च्या वसंत हंगामात २४ विजय, ४ पराभव. जानेवारी १९३८ मध्ये तो सैन्यात भरती झाला. बेसबॉल दीडशे ग्रॅमसुद्धा नसतो, हातगोळा त्याच्या तिप्पट. ते फेकून फेकून खांदा गेला. पिचरच्या खांद्याचं दुखणं काय असतं, ते मला विचारा. तरी परतल्यावर १९४० मध्ये त्याने तिसरा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही. पुन्हा सैन्याचं बोलावणं आलं. मग वरून हात फिरेना, आडव्या हाताने टाकू लागला. शेवटी संघाने काढलं. २ डिसेंबर १९४४ ला त्याला युद्धावर नेणारं जहाज पाणतीराने बुडालं, त्यात तो गेला. वय २७, कारकिर्दीतले विजय ६३.

कॉलेजात गेला असता तर भरती काही वर्षं लांबली असती, विद्यार्थ्यांना तशी सवलत होती. पण युद्ध १९४५ पर्यंत चाललं, हेही खरं. त्यामुळे हेडसर बरोबर होते असं मी अजूनही म्हणत नाही. नमस्कार मात्र राहून गेला.

परवा मुलाला पुतळे दाखवायला नेलं. डावा पाय उंच उचलून फेकायची सावामुराची लकब मी त्याला करून दाखवली, तोल गेला.

"बाबा, तूपण असंच टाकायचास?"

"नाही रे. आमचं सॉफ्टबॉल, खालून टाकायचं."