म्हशीपेक्षा बुटका हत्ती

"मग ते हत्ती हरलेच ना, मामा?"

पुस्तकातून मान वर न काढता भाचीनं विचारलं. चौथीतली पोर.

सिसिली बेटावरच्या जुन्या हत्तींचं वाचत होतो. मुख्य भूमीवरचा त्यांचा पूर्वज खांद्यापाशी जवळपास ४ मीटर उंच. बेटावरचा वंशज पूर्ण वाढला तरी जेमतेम १ मीटर. आमच्या सांगलीकडच्या गोठ्यातली म्हैससुद्धा त्याच्यापेक्षा उंच भरेल!

म्हटलं, अगं, हरले कुठं? बेटावर चारा मोजका. ज्यांच्यापुढं थोराड अंग कामी यावं असे सिंह-तरसही तिथं नाहीत. मग कमी खाण्यात भागणारे टिकले. पिढ्यान्‌पिढ्या अंग आटत गेलं. सायप्रसलाही हत्ती असेच खुजे झाले. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर तर हत्तीचा नातलग स्टेगोडॉन बुटका झालाच, शिवाय तिथली एक मानवजातही जेमतेम १ मीटर उंचीची होती.

तिला पटलं. मला मात्र तिचा 'हरले' अजून टोचतोय. एवढीशी पोर, पण लहान होणं म्हणजे मागं पडणं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. आल्यागेल्या प्रत्येकानं तिला दारापाशी उभं करून उंची विचारायची, पाठोपाठ मार्क विचारायचे.

तुमच्या घरीही असंच चालतं का?