दीवच्या नाक्यावर आत्याची बाटली

"बा, आमां शुं छे?"

हवालदाराने आत्याच्या पिशवीतून तपकिरी काचेची छोटी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि नाकाशी नेली. वास घेताच भुवया वर. दीवचं शेवटचं गाव घोघला मागे टाकून पाच मिनिटंही झाली नव्हती. दारूबंदीच्या गुजरातेत शिरताना, अहमदपूर मांडवीच्या नाक्यावर आमच्या गाडीची चारही दारं आणि डिकी सताड उघडी, आणि बाटलीतून येणारा वास दारूचाच, यात वादच नव्हता.

"दवा है बाबा, गुडघ्याची," आत्या मागच्या सीटवरून न हलता म्हणाली.

पुण्याहून निघालो होतो ते गिरनार आणि सोमनाथसाठी. दीव घुसडलं मेव्हण्याने. आत्याला दत्तशिखर गाठायचं होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये रोपवे सुरू झाल्यापासून अंबाजीच्या देवळापर्यंतचा चढ वाचतो, पण तिथून पुढे दत्तपादुकांपर्यंत पायऱ्या चुकत नाहीत. दहा हजारांतल्या जेवढ्या उरतात, तेवढ्या आत्या "दिगंबरा दिगंबरा" म्हणत गुडघ्यावर हात ठेवून चढली आणि उतरली. मेव्हण्याने मात्र जुनागढला पोचल्या पोचल्या हॉटेलच्या काउंटरवर हळूच चौकशी केली होती. परराज्यातल्या पाहुण्याला दारूचं तात्पुरतं परमिट मिळतं, असं कळलं. त्याचा चेहरा उजळला, तेवढ्यात आत्या मागे येऊन उभी राहिली. विषय तिथेच मिटला.

गिरनारच्या पायथ्याला, भवनाथ तलेटीला त्याने पुन्हा तोंड उघडलं. एक साधूबाबा धुनीपाशी चिलीम ओढत बसले होते. "म्हणजे बिअरवर बंदी आणि हे चालतं?" तसं ते कुठेच चालत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस सगळ्या देशात बंद आहेत. झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हणायचं, राळेला चरस. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचं प्रकरण वेगळं राहतं. बाबांच्या चिलमीत काय होतं हे मी हुंगायला गेलो नाही.

दीवमध्ये शिरलं की हवा बदलते. 1961 च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीज होते आणि आता हा केंद्रशासित प्रदेश आहे, त्यामुळे गुजरातची दारूबंदी सीमेवरच थांबते. नागोवाच्या किनाऱ्यावर होक्याची फांद्या फुटलेली ताडं बघावीत की बारच्या पाट्या मोजाव्यात, असा प्रश्न पडतो. मी ताडं बघितली, मेव्हण्याने पाट्या. पार्किंगमध्ये बहुतेक गाड्या जीजे पासिंगच्या.

गंमत निघायच्या दिवशी सुरू झाली. सकाळी नाश्त्याच्या वेळी सगळ्या टेबलांवर एकच कुजबुज: गाडीत काही राहिलं नाही ना? मॅनेजरने चावी घेताना आपणहून सांगितलं, रिकामी बाटलीसुद्धा डिकीत ठेवू नका, आणि पिऊन तर पलीकडे जाऊच नका. रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडलं, की आपण काही गुन्हा केला नाही हे सिद्ध करायचं काम गुजरातच्या दारूबंदी कायद्याने आपल्याच गळ्यात पडतं. मेव्हण्याने अर्धी बाटली खोलीतल्या टेबलावर सोडली. दार लावताना दोनदा मागे वळून पाहिलं. बहिणीच्या पाठवणीला तो एवढा हळवा झाला नव्हता.

आणि मग नाका. मला वाटलं होतं, काचेतून डोकावतील आणि हात हलवतील. कसलं काय! स्टेपनी उचलून बघितली. पायाखालची मॅट उचलली. चहाचा थर्मास, पाण्याच्या बाटल्या, एकेक उघडून वास. पुढे एसटीतले लोक सामानासकट खाली उतरवले होते. बाजूच्या बाकावर विशीतला एक पोरगा मान खाली घालून बसला होता, समोरच्या टेबलावर तीन बाटल्या ओळीने मांडलेल्या, आणि एकजण शांतपणे पंचनामा लिहीत होता. कुणी ओरडत नव्हतं, म्हणून ते जास्त अंगावर आलं. तोवर नाक्यावर विनोद करणारा मेव्हणा एकदम गप्प झाला. 2017 पासून दारूची वाहतूक आणि विक्री यांना दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे त्यानेच रात्री मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, हसत हसत.

खरं तर हा कायदा मुळात आपलाच. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949. 1 मे 1960 ला घर वाटलं गेलं तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला; गुजरातने त्याला स्वतःचं नाव दिलं ते 2011 मध्ये. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली सोडले तर त्याची आठवण कुणाला असते? विदेशी दारूचं एक दिवसाचं परमिट पाच रुपयांना मिळतं, आणि ते नसताना पिणं आपल्याकडेही गुन्हाच आहे. पाच रुपयांचा तो कागद मी आजवर कुणाच्या खिशात पाहिलेला नाही. मेव्हण्याच्या तर नाहीच.

हवालदार बाटलीवरचं लेबल वाचत होता. होमिओपॅथीचं मदर टिंक्चर, त्यात अल्कोहोल असणारच, आणि औषधांना कायद्यात सूटही आहे. पण हे त्याला कोणत्या भाषेत सांगायचं? माझी हिंदी नेमकी अशा वेळी दगा देते. आत्याने मात्र पर्स उघडली आणि डॉक्टरची चिठ्ठी काढून पुढे केली. चार घड्या पडलेली, कडा फाटलेली. त्याने चिठ्ठीवरचं नाव लेबलशी अक्षर अक्षर जुळवलं.

"केटलां टीपां लो छो?"

"दस. पानी में."

"फरक पडे छे?"

आत्याने सीटवरूनच बोट डोंगराच्या दिशेने, म्हणजे तिला वाटलं त्या दिशेने, दाखवलं. "गिरनार चढके आयी मैं."

त्याने झाकण घट्ट लावलं, बाटली परत तिच्या हातात दिली. मग खिशातलं पेन काढलं आणि डाव्या तळहातावर औषधाचं नाव लिहायला लागला. त्याच्या बाचे, म्हणजे आईचे, पण गुडघे दुखतात म्हणे. मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि आत्या खिडकीतून वाकून त्याला 'रस टॉक्स'चं स्पेलिंग सांगत होती.