काका, कंटाळा येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 2019 ला रिटायर झालो, टीव्ही फारसा बघत नाही, फोन फक्त बोलायला, संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण, भाचेमंडळी धरून, हेच विचारतो. येतो की! चांगला सणसणीत येतो.

पण आधी मला सांगा, कुठला? आपल्याकडे कंटाळा येतो आणि कंटाळा करतोही. आई म्हणायची "अभ्यासाचा कंटाळा करू नकोस", म्हणजे तो माझा गुन्हा. आणि येतो तो पाहुण्यासारखा, आपला काय दोष त्यात. शेजारचा मुलगा विचारतो "अंकल, बोर हो रहे हो क्या", त्याच्या बोर मध्ये हे सगळं एकाच पोत्यात भरलंय. आणि तिसरं, करमत नाही ते, पण त्याचं नंतर.

तर कंटाळा मी शिकलो छोट्या लाईनवर. सबलगढला अकरा वर्षं पोस्टिंग होतं, घर इथे, दर सोमवारी पहाटे ग्वाल्हेर-श्योपुरची नॅरोगेज पकडायची. दोन फुटांचा रूळ, श्योपुरपर्यंत जवळजवळ 200 किलोमीटर आणि त्याला दहा-अकरा तास! सबलगढ साधारण निम्म्यावर, म्हणजे पाचेक तास, आणि ऑफिसला उशीर झाला म्हणून कोणी बोलायचं नाही कारण साहेबही त्याच गाडीत. डब्यात जागा नाही, लोक टपावर, पेपर बाणमोरच्या आतच वाचून संपलेला, मग बाभळी मोज, सुमावलीला चहा पी, परत बाभळी मोज, जौरा यायच्या आधी आकडा चुकला की पुन्हा एकपासून. सुरवातीचं वर्षभर चिडचिड व्हायची, घड्याळ बघून बघून मान दुखायची. पुढे कधीतरी घड्याळ बघणं सुटलं, कसं ते सांगता येत नाही, बहुतेक बॅटरी गेली होती आणि मी ती बदलायचा कंटाळा केला. (हा केलेला, बरं का.)

भाचीने एमएला तत्त्वज्ञान घेतलंय, ती सांगत होती की हायडेगर नावाच्या जर्मन माणसाने 1929-30 च्या लेक्चर्समधे कंटाळ्यावर पानंच्या पानं खर्च केलीत, आणि पहिलंच उदाहरण काय तर आडगावचं स्टेशन, गाडीला चार तास अवकाश, माणूस टाईमटेबल वाचतो, घड्याळ बघतो, रस्त्यावरची झाडं मोजतो. मी म्हटलं अगं हे तर माझंच चाललंय! फक्त तो गाडीची वाट बघत झाडं मोजतोय, मी गाडीत बसून. जर्मन मधे कंटाळ्याला शब्दच लांबलेली वेळ अशा अर्थाचा आहे म्हणे. आमची लांबून लांबून श्योपुरपर्यंत जायची.

2020 ला ती गाडी बंद झाली. ब्रॉडगेज होतंय, व्हायलाच हवं होतं, टपावर बसून जाणाऱ्यांना विचारा.

ओट्यावर बसल्यावर येतो तो हाच जुना कंटाळा, ओळखीचा, त्याचं मला काही वाटत नाही, बसतो तोही आणि मीही. पण सोमवारी पहाटे साडेपाचला अजून जाग येते, गजर न लावता, डबा भरायचा नसतो, कुठे जायचं नसतं, तेव्हा मात्र करमत नाही.