मराठी, कन्नड, इंग्रजी कीबोर्डसकट सेटिंगचा बॅकअप

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्याच्या मशीनवर कीबोर्ड तीन: लग्नपत्रिकेला मराठी, कचेरीच्या अर्जाला कन्नड, बाकीला इंग्रजी. उबुंटू लिनक्स नव्याने टाकलं की पहिलं काम इथेच अडतं. होममधल्या साध्या मजकुराच्या डॉट फायली (नावाआधी टिंब असलेल्या सेटिंगच्या फायली) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जपल्या तरी कीबोर्ड परत येत नाहीत. ग्नोमची (उबुंटूच्या डेस्कटॉपची) कीबोर्डची यादी साध्या मजकुरात नसते, डीकॉन्फ या सेटिंगच्या कोठाराच्या बायनरी फाइलमध्ये असते.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप करताना रोमन, सगळी स्मॉल लेटर.)

आधी साध्या फायली उरकू. होममध्ये 'डॉटफाइल्स' फोल्डर करून त्यात गिट सुरू करा (हीच आपली रेपो), प्रत्येक प्रोग्रॅमला एक पोटफोल्डर. लिंक जोडायला 'स्टो' हा छोटा प्रोग्रॅम लागतो. 'बॅश' पोटफोल्डरमध्ये .बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) हलवा आणि डॉटफाइल्समधूनच 'स्टो बॅश' चालवा. स्टो प्रत काढत नाही, होममध्ये नुसती सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण, सोडतो.

नव्या मशीनवर रेपो क्लोन केल्यावर (प्रत उतरवल्यावर) हाच स्टो हटून बसतो. उबुंटूने स्वतःची .बॅशआरसी आधीच ठेवलेली असते. त्या जागी खरी फाइल दिसली की तो तक्रार छापून थांबतो, एकही लिंक करत नाही. यावर सर्रास '--अडॉप्ट' सुचवतात. पण त्याचं काम उलटं: मशीनवरची उबुंटूची फाइल उचलून तुमच्या रेपोतल्या फाइलवर बसवतो. सगळं कमिट केलेलं (गिटमध्ये नोंदवलेलं) असेल तर 'गिट रिस्टोर'ने निभावतं, नसेल तर गेलं. त्यापेक्षा उबुंटूची फाइल नाव बदलून बाजूला ठेवावी, आणि आधी '-एन -व्ही' लावून स्टो काय करणार ते बघून घ्यावं.

आणखी एक खोड. .कॉन्फिगमध्ये एखाद्या प्रोग्रॅमचा फोल्डर अजून तयार झालेला नसेल तर स्टो त्या अख्ख्या फोल्डरचीच लिंक करतो. मग तो प्रोग्रॅम जे काही लिहील ते थेट रेपोत. '--नो-फोल्डिंग' लावलं की फाइलवार लिंक होते.

आता कीबोर्ड. 'डीकॉन्फ डम्प'ला '/ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इनपुट-सोर्सेस/' हा पाथ द्या आणि आउटपुट '>' ने रेपोतल्या फाइलमध्ये घ्या. शेवटचा स्लॅश गाळला की एरर येते. परत आणताना 'डीकॉन्फ लोड', तोच पाथ, आणि फाइल '<' ने. डम्प उघडून बघा: नावाआधी 'एक्सकेबी' असेल तर तो लेआउट सिस्टीमसोबतच येतो. 'आयबस' आणि 'एम१७एन' (भारतीय भाषा टाइप करायची वेगळी सोय) दिसलं तर आयबस-एम१७एन पॅकेज आधी टाकावं लागतं, नाहीतर लोड बिनतक्रार होतं आणि टाइप मात्र इंग्रजीच.

एसएसएचची प्रायव्हेट की (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची गुप्त किल्ली) रेपोत घालू नका. शिवाय गिट फायलीची परमिशन (कोणी वाचायची, लिहायची, चालवायची) पूर्ण जपत नाही, फक्त एक्झिक्युट बिट; मालकाखेरीज इतरांना वाचता येणारी की एसएसएच नाकारतो. फॅट किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर सिमलिंक टिकत नाही, म्हणून होम कॉपी करण्याऐवजी 'गिट बंडल क्रिएट'ने रेपोची एकच फाइल करून न्या. ती थेट क्लोन होते.