आमची वाटचाल : वाळूच्या ढिगातून उसाच्या यार्डात

मी मूळचा सांख्यिकी भौतिकीतला, म्हणजे असंख्य कणांचं एकत्रित वागणं अभ्यासणाऱ्या शाखेतला माणूस. पीएचडीचा विषय वाळूचा ढीग. पेर बाक, तांग आणि विझेनफेल्ड यांनी १९८७ साली मांडलेलं हे मॉडेल तसं साधं आहे. चौकोनांच्या पटावर एकेक कण टाकत जायचं. एखादा चौकोन भरला की तो शेजाऱ्यांकडे कण ढकलतो. एखाद्या कणानं काहीच होत नाही, एखाद्यानं अख्खा ढीग घसरतो. त्यातलं अवघड गणित १९९० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) दीपक धर यांनी सोडवलं. सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमान पदक त्यांना २०२२ मध्ये मिळालं; ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

यावर पोट भरता येईल हे मात्र अमेरिकेतल्या एका उदाहरणामुळे पटलं. स्टुअर्ट कॉफमन या शास्त्रज्ञानं १९९६ मध्ये सांता फे इथे बायोस ग्रुप ही कंपनी काढली. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या मालवाहतुकीसाठी त्यांनी मुंग्यांच्या वागण्यावर बेतलेलं मॉडेल चालवलं. माल योग्य दिशेच्या विमानात सारखा हलवत बसण्यापेक्षा, सुरुवातीला उलट दिशेला जाणाऱ्या विमानातच राहू दिलेला परवडतो, असं त्यातून निघालं. वर्गातल्या विषयाला कुणीतरी बिल लावलं होतं!

पुण्यात मी आणि एका इंजिनिअर मित्रानं अशीच मॉडेलं बनवून देणारी फर्म सुरू केली. अशी मॉडेलं चालवायचं नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे भांडवल म्हणजे दोन लॅपटॉप. भोसरी-चाकणच्या कारखानदारांना हवा असायचा पुढच्या तिमाहीचा आकडा. तो आम्ही देत नाही म्हटल्यावर चहा पाजून वाटेला लावायचे.

पहिलं खरं काम दिलं एका साखर कारखान्यानं. गाळप चोवीस तास. पण ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे फडात शिरणार, मोळ्या बांधून ट्रॉल्या भरणार आणि संध्याकाळी सगळी वाहनं एकदम कारखान्याच्या वजनकाट्यावर. रात्रभर रांग, दुसऱ्या दिवशी दुपारी गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथे, ऊस कमी. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाणही. व्यवस्थापनाचा विचार दुसरा वजनकाटा बसवायचा होता.

आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक टोळी, प्रत्येक ट्रॅक्टर, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा प्रत्येक चिटबॉय आपापल्या नियमानं वागतो. ते नियम यार्डात, ट्रॉलीखाली अंथरूण टाकून पडलेल्या ड्रायव्हरांकडून मिळाले. एकजण म्हणाला, "काल नंबर उशिरा लागला की आज आम्ही लवकर निघतो. सगळेच निघतात की ओ साहेब." आमच्या प्रोग्रॅमचा गाभा तोच.

पडद्यावर दुसरा काटा बसवला, तर रांग काट्यावरून उठून गव्हाणीपुढे जाऊन बसली. मग तोडीच्या चिठ्ठ्या गावाच्या अंतराप्रमाणे वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिल्या आणि नंबर पोचण्याच्या वेळेनं न लावता चिठ्ठीवरच्या वेळेनं लावला. लवकर येऊन उभं राहण्यात फायदाच उरला नाही. रांग विरळ झाली.

शेतकी अधिकाऱ्यांना गणित पटलं. "पण मुकादमांना कोण पटवणार?" म्हणाले. आम्ही शेतकी ऑफिसच्या भिंतीवर मॉडेल चालवून मुकादमांना दाखवलं. एका म्हाताऱ्या मुकादमानं स्वतःची टोळी शोधायला लावली, ती ठिपक्यांतून सरकताना पाहिली आणि म्हणाला, "माझी माणसं अंधारात तोड करणार नाहीत, ते घाला त्यात." घातलं. चिठ्ठ्यांच्या वेळा बदलाव्या लागल्या. त्याचं बरोबर होतं. आधी एका गटात, नंतर सगळ्या कार्यक्षेत्रात ही पद्धत लागू झाली. दुसऱ्या काट्याचा विषय मागे पडला. बिल मात्र हंगाम उलटल्यावर निघालं. तिथे आमचाही नंबर शेवटचा.

पुढे दूध संकलनाच्या गाड्या, सुट्या भागांच्या ऑर्डरींचे चढउतार, एका रुग्णालयाची ओपीडी अशी कामं येत गेली. हल्ली प्रत्येकाला एआय हवं असतं. जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्र चालू नियमांखालची रांग छान ओळखतं. नियमच बदलला तर माणसं काय करतील, हे त्या नोंदींत कुठून असणार? आम्ही विकतो ते एवढंच.

सध्या पुन्हा उसातच आहोत. तोडणी यंत्रं वाढली आहेत. यंत्राला अंधाराचं वावडं नाही, पण त्यातून निघालेला तुकड्यांचा ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो. त्याला रांगेत वेगळी वाट द्यायची की वेगळी वेळ, यावर मित्राचं आणि माझं अजून जमलेलं नाही.